विमानतासांनुसार बाकडेवाटप

चारकोपमधल्या आमच्या सोसायटीच्या बागेत पाठ टेकून बसता येईल असं एकच बाकडं आहे. त्यावर माणसं तीन मावतात आणि ज्येष्ठ नागरिक एकोणीस आहेत. रोज संध्याकाळची बाचाबाची थांबावी म्हणून कमिटीने ठराव केला: ज्याचं मूल अधिक दूर, त्याचा विरह मोठा, सबब बसण्याचा पहिला हक्क त्याचा. अंतर विमानप्रवासाच्या तासांत मोजावं. ठराव मीच टाईप केला. मी हेमांगी, सहसचिव. माझ्या शुद्धलेखनाचं कौतुकही झालं.

प्रेमाताईंचा सौरभ टोरांटोला, म्हणून त्यांना झाडाखालची जागा मिळाली. रुक्मिणीबाईंची नेत्रा सिंगापुरात, जेमतेम साडेपाच तासांवर. त्या उन्हाच्या टोकाला. त्यांनी लगेच हरकत घेतली की प्रेमाताईंनी वाटेतला चार तासांचा थांबाही आत घुसवलाय.

सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी निवाडा दिला, "थांब्यात मुलगा ताटकळतो, आई नाही. वजा करा."

प्रेमाताई भडकल्या. "आणि धुक्यामुळे विमान नऊ तास लेट झालं, तेव्हा दारात कोण ताटकळलं? मीच ना?"

हे बिनतोड होतं. उपनियम दोन झाला: विलंब पूर्ण धरावा. पाठोपाठ उपनियम तीन: व्हिडिओ कॉल म्हणजे आगमन नव्हे.

राजारामकाका गिरणीतून रिटायर झालेले, दोन्ही गुडघे गेलेले. ते बाकड्याशेजारी काठीवर भार टाकून उभे असायचे. त्यांचा प्रितम समोरच्या बी-विंगमध्ये राहतो, म्हणजे शून्य तास. मला फार वाईट वाटायचं, पण ठराव माझ्याच सहीचा होता. गेल्या रविवारी काकांनी अर्ज दिला.

"काका, प्रितम इथेच तर आहे," चंद्रप्रकाश म्हणाले. "लिफ्ट धरून दोन मिनिटं."

"दोनच मिन्टां," काका म्हणाले. "पण तो अजून निघाक नाय. गेल्या गणपतीक 'येतंय' म्हणान सांगल्यान."

"म्हणजे?"

"अकरा म्हयने लेट."

कमिटीने मोबाईलवर हिशेब केला. सात हजार नऊशे वीस तास. तेवढ्यात सौरभचं विमान टोरांटोला जवळजवळ अडीचशे वेळा जाऊन आलं असतं. काकांना सन्मानाने झाडाखाली बसवण्यात आलं. प्रेमाताईंनी तिथूनच सौरभला फोन लावला आणि त्याहून लांब कुठे नोकरी मिळते का बघ म्हणून सांगितलं.

बातमी बी-विंगमध्ये पोचली. प्रितम ओशाळून गरम भजी घेऊन बागेत धावत आला. काकांनी काठी आडवी धरली.

"थयच थांब रे. फुडे इलंस तर माझी जागा जायत."

प्रितम थांबला. भजी वॉचमनच्या हस्ते पाठवण्यात आली. उपनियमांत भज्यांचा उल्लेख नाही.

दुसऱ्या दिवशी चौदा अर्ज आले. त्यात एक माझ्या आईचा. ती ए-विंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहते आणि मी तिच्या अगदी डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. छाननी माझ्याकडेच आहे. 'पाल्याचे शेवटचे आगमन' या रकान्यात तिने लिहिलं होतं: हेमांगीला विचारून भरणे. मला तारीख आठवेना. खाली जाऊन विचारलं असतं, पण मग अर्जच बाद झाला असता.

आता आसपासच्या सोसायट्यांतूनही लोक अर्जाचे नमुने नेतायत. त्यात तुमची आईही असेल. तारीख आठवून ठेवा. विचारायला मात्र जाऊ नका, बिचारीची जागा जाईल.