आत्यांची सरळ रेघ

चार अंश

"काय काढायचंय?"

बाळ्याचा हात फ्रीजच्या दाराला लागायचा अवकाश, आत्यांचा प्रश्न आलाच. आत्या बाल्कनीत असोत, अंघोळीला असोत, नाहीतर गाढ झोपेत.

"काही नाही, बघतोय."

"बघायला ते काय प्रदर्शन आहे? आधी ठरव, मग उघड. घे आणि मीट."

बाळ्या चाळिशीचा, लग्न झालेला, एका निर्यात कंपनीचा निम्मा मालक. पण घरात गार पाण्याच्या बाटलीसाठी त्याला जवळजवळ अर्ज करावा लागे. शेवटी त्याने ती बाटली कामाच्या जागी नेऊन ठेवली. तिथे कोल्ड रूम होती, आणि तिथे आत्या नव्हत्या.

सहा, चार, आठ, पाच

कंपनी म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाळ्याची बायको, म्हणजे आत्यांची सूनबाई, आणि मागे कोल्ड रूम. ताजे मश्रूम पेट्यांत भरायचे आणि विमानाने परदेशी पाठवायचे, हा धंदा. मश्रूमचा स्वभाव मोठा मानी. चार अंशांवर पांढरेशुभ्र बसतात, दहावर रुसतात आणि विसावर काळे पडून जीव देतात.

पलीकडे ते घेणारे गृहस्थ मालाबरोबर जाणारं एक यंत्र आधीच पाठवून देत. साबणाच्या वडीएवढं. पेटीत किती थंडी आहे ते मोजायचं आणि लगेच त्यांच्या पडद्यावर कळवायचं. मग ते गृहस्थ त्या आकड्यांची रेघ बघत बसत. मश्रूम बघत नसत. म्हणून नवरा-बायकोत त्यांचं नाव ग्राफबुवा.

ग्राफबुवांनी दोनदा माल नाकारला होता. "तुमच्या खोलीतच रेघेला डोंगर येतात," ते म्हणाले होते. "आता शेवटची संधी. यंत्र आदल्या दिवशीपासून लावा आणि दार कमी उघडा."

"दार कोण उघडतं एवढं?" सूनबाईने विचारलं होतं.

"कोणास ठाऊक," बाळ्या म्हणाला होता आणि पाणी प्यायला गेला होता.

हाही माल नाकारला तर खोल्या सोडून धंदा बंद करायचा, असं ठरलं होतं. म्हणजे ज्या साहेबाच्या टेबलावर सूनबाई राजीनामा आपटून आली होती, त्याच्याच दारात तिला पुन्हा उभं राहावं लागणार होतं. राजीनामा आपटताना ती बरंच काही बोलली होती. साहेबाची स्मरणशक्ती चांगली होती.

चौतीस

त्या दुपारी पेट्या भरल्या. चिकटपट्टी मारायला दोन्ही हात लागतात, म्हणून बाळ्याने यंत्र घटकाभर शर्टाच्या खिशात टाकलं. पेट्या बंद झाल्या, मोहोरबंद झाल्या, गार डब्याच्या ट्रकमधून विमानतळाकडे निघून गेल्या. काम फत्ते झालं, म्हणून बाळ्या केस कापायला गेला.

अर्धं डोकं झालं होतं तेवढ्यात सूनबाईचा फोन आला.

"माल निघाला ना रे?"

"केव्हाच! आतापर्यंत विमानतळावर पोचलासुद्धा असेल."

"मग ग्राफबुवा का ओरडतायत? चौतीस अंश दिसतायत त्यांना! मश्रूम पाठवलेस की मश्रूमचं सूप?"

बाळ्याने गळ्याभोवतीच्या कापडाखालून छातीवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सलूनवाला घाबरला.

"दुखतंय का? पाणी देऊ?"

"गार आहे?" बाळ्याने विचारलं. मग फोनमध्ये म्हणाला, "अगं, माल गारच आहे."

"मग गरम काय आहे?"

"मी."

अकरा, सहा, चौदा, नऊ

मोहोरबंद पेट्या आता उघडता येणार नव्हत्या. "ते आधी गार कर. पुढचं बघू," सूनबाई म्हणाली.

अर्ध्या डोक्याने बाळ्या समोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात पळाला आणि यंत्र बाटल्यांच्या मागे सरकवलं. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि गिऱ्हाईक थांबत नव्हतं. दर मिनिटाला दार उघडायचं.

"बुवा विचारतायत," पुन्हा फोन, "माल कोणी झोपाळ्यावर बसवलाय का?"

"मी काय करू? लोकांना तहान लागलीय."

"घरी जा. आपल्या फ्रीजमध्ये ठेव."

"घरी आत्या आहेत गं."

"आणि इथे फोनवर ग्राफबुवा आहेत. अदलाबदल करायची का?"

बाळ्या घरी गेला.

सात

"काय काढायचंय?"

"काढायचं नाहीये, आत्या. ठेवायचंय."

हे आत्यांना नवीन होतं. त्या उठून आल्या.

"हे काय आहे?"

"यंत्र आहे. थंडी मोजतं."

"मी डोक्याबद्दल विचारतेय."

बाळ्याने सगळं सांगितलं. सूनबाईच्या जुन्या साहेबाचं नाव निघाल्यावर आत्यांचे ओठ आवळले गेले. यंत्रावरचे केस त्यांनी ओल्या फडक्याने पुसले, ते प्लास्टिकच्या डब्यात घातलं, झाकण लावलं आणि डबा खालच्या कप्प्यात अगदी आत सारला. मग दार मिटून समोर खुर्ची घेतली.

"आता बघते कोण हात लावतं ते."

तीन

काही घडलं नाही.

तीन

शेजारीण बर्फ मागायला आली. आत्यांनी तिला उद्या यायला सांगितलं.

तीन

संध्याकाळी ऑफिसात नवरा-बायको फोनकडे बघत बसले होते. तो वाजला.

"अभिनंदन," ग्राफबुवांचा आवाज चक्क मऊ होता. "मधे काय झालं कळलं नाही, पण नंतरची रेघ! एवढी सरळ रेघ मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. फक्त एक शंका आहे."

"बोला ना."

"विमान उडून तास झाला. हवेत गेल्यावर हे यंत्र गप्प होतं, उतरल्यावर बोलतं. तुमचं अजून बोलतंय. हे बघा, आत्तासुद्धा तीन म्हणालं."

"सांग, विमानाला उशीर झालाय," बाळ्या कुजबुजला.

सूनबाईने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. एक बाजू कापलेली, एक झिपरी. या डोक्याचं ऐकून आपण इथवर आलो, असं तिच्या मनात आलं असावं. तिने एक मोठा श्वास घेतला.

"साहेब, माल विमानात आहे. यंत्र आमच्या घरच्या फ्रीजमध्ये आहे. त्याआधी ते कोल्ड्रिंकच्या दुकानात होतं आणि त्याआधी माझ्या नवऱ्याच्या खिशात. माल गारच गेलाय, पण माझ्याकडे दाखवायला काही नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी भांडणार नाही."

"उद्या बघतो," ग्राफबुवा म्हणाले.

आकडा नाही

दुसऱ्या दिवशी सूनबाईने जुन्या साहेबाला करायच्या फोनची उजळणी केली. "ओळखलंत का" पर्यंत जमत होतं, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. तेवढ्यात तिचाच फोन वाजला.

"पेट्या आल्या," ग्राफबुवा म्हणाले. "बघायला रेघच नाही, म्हणून मश्रूम बघावे लागले."

"बरं..."

"हातात घेतला. वास घेतला. मग मोडून पाहिला. काय टचकन मोडतो हो तो! बऱ्याच वर्षांनी बघितला. छान असतो."

"म्हणजे?"

"माल घेतला. पुढचाही पाठवा. पण काल ज्यांनी ती रेघ सरळ ठेवली, त्यांना तुमच्या खोलीच्या दाराशी बसवा. तिथे कोणीतरी उगाच आत-बाहेर करतंय."

सूनबाईने सावकाश मान वळवली. कोल्ड रूमचं दार पायाने ढकलत बाळ्या बाहेर येत होता. हातात पाण्याची बाटली होती.

तीन

आता आत्या स्वेटर घालून कोल्ड रूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. पगार घेतात, सुट्टी घेत नाहीत. बाटली घरच्या फ्रीजमध्ये परत गेली आहे. दिवसभर घरी विचारणारं कोणी नसतं, त्यामुळे बाळ्या जेवायला आला की फ्रीज सताड उघडून मनसोक्त बघत उभा राहतो. सूनबाईने शेजारची खोलीही घेतली आहे. जुन्या साहेबाचा नंबर तिने पुसून टाकला.

परवा ग्राफबुवांचा पुन्हा फोन आला. आवाज काळजीचा होता.

"रेघ फारच सरळ येतेय हो. यंत्र चालू आहे की मेलंय, तेच कळत नाही. माझ्या समाधानासाठी दिवसातून एकदा दार उघडा. एवढासा उंचवटा दिसला तरी पुरे."

"हे तुम्हीच आत्यांना सांगा," म्हणून सूनबाईने फोन पुढे केला.

आत्यांनी तो कानाला लावला. नीट ऐकून घेतलं.

"काय काढायचंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, नुसतं उघडून..." ग्राफबुवा सांगू लागले.

"आधी ठरवा," आत्या म्हणाल्या, "मग फोन करा."