मीरसाहेबांच्या पत्रास उत्तर न गेल्याची आणि कोरड्या अंगाने ग्रहण पाहिल्याची हकीकत

श्री. नभोमंडळास नमस्कार, आणि मान वर करून त्याकडे पाहणाऱ्या सर्व देशींच्या डोळ्यांस नमस्कार. शके सोळाशे पंचावन्न, प्रमादी नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, विसाजीपंत जोशी म्हणोन राजज्योतिषी होते, आणि त्यांजकडे उत्तरेतील एका वेधशाळेचे मुख्य मीर सादुल्ला यांचे पत्र दरबारामार्फत येऊन दोन वर्षे जाहली होती, आणि उत्तर गेले नव्हते. विसाजीपंत वयाने साठी उलटलेले, पोथ्यांत रमणारे, बोलण्यास भित्रे. दरबारी कोणी हाक मारिली तर आपलेच काही चुकले ऐसे समजोन आधी उपरणे सावरावे आणि मग उठावे, हा स्वभाव. ते पत्र त्यांनी पगडीच्या पेटीत ठेविले होते, म्हणोन रोज पगडी काढिताना ते दिसे, आणि मग दिवसभर जिवास स्वस्थता नसे.

पत्रातील मजकूर ऐसा की, "प्राचीन बाबुल नगरीच्या लोकांनी ओल्या मातीच्या विटांवर ग्रहणे कोरून ठेविली, आणि युनानी लोकांनी तो हिशेब घेऊन वर्तुळात वर्तुळ बसविले, आणि तुमच्या मुलखातील ज्यागणित, म्हणजे कोनांचा हिशेब, बगदादेस गेले, त्यावाचून आमचे पंडित लंगडेच राहिले असते, आणि मग समरकंदी खडकात खंदक खोदून एवढे थोर यंत्र बसविले की माणसाने पायऱ्या चढउतार करून सूर्याची उंची वाचावी, आणि चीनच्या दरबारी तर आकाशी अनोळखी तारा उगवला तरी तो पाहुणा म्हणोन लिहून ठेवितात. इतक्यांनी इतके करून आकाश आणि ग्रंथ यांचा मेळ पुरता कोठेच बसला नाही, थोडे उणे अधिक राहतेच. आपल्या दरबारने स्नेहभावे ग्रहणांची टिपणे पाठविली, ती पाहून आम्ही थक्क जाहलो. शंभर वर्षांत एकही ग्रहण पंचांगाच्या पळभर मागेपुढे नाही! ऐसे यंत्र कोणते, ते कळवावे. पुढील सूर्यग्रहण होऊन एक चांद लोटेपर्यंत वाट पाहीन. उत्तर न आल्यास आपण विनयाने गप्प आहा ऐसे जाणोन, माझे तीस वर्षांचे वेध खोटे समजेन, ते कागद धुवून टाकीन, आणि आपल्या टिपणांवरून ग्रंथ नव्याने रचीन."

आता यंत्र म्हणावे तर कोणतेच नव्हते. त्या राज्याची चाल ऐशी होती की, पंचांगात स्पर्शाची, म्हणजे ग्रहण लागण्याची, जी घटका लिहिली असेल तिला किल्ल्यावरून तोफ सुटावी, आणि तोफेबरोबर महाराजांनी नदीत उतरावे, मग मानकऱ्यांनी, मग सर्व नगराने, आणि मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण सुटेतो, डोळे मिटून जप करावा. राजज्योतिषी यांचा मान महाराजांच्या उजवीकडे, कंबरभर पाण्यात. मग ओलेत्याने दरबारी येऊन त्यांनी म्हणावे, "पाहिले, तोफेबरोबर लागले," आणि ते लिहून घ्यावे. यात कोणी कोणास फसवीत होता ऐसे नव्हे. सूर्याने महाराजांच्या तोफेची वेळ चुकवावी, हे कोणाच्या ध्यानीमनीच आले नव्हते. विसाजीपंतांच्या वडिलांनी तेच म्हटले, आजोबांनी तेच म्हटले, आणि विसाजीपंतही तेच म्हणत आले, आणि मीरसाहेबांचे पत्र येईतो त्यांस सुखाची झोप होती.

त्यांचे कुटुंब सगुणाबाई, जिभेने तिखट, परंतु मनाने निर्मळ. ग्रहण तोंडावर आले तेव्हा त्यांनी एके दुपारी विचारिले, "काय म्हणतो तो तुमचा मीर?"

"आपली स्तुती करितो."

"मग त्यात तोंड पाडायला काय झालं? स्तुतीला उत्तर द्यायला का मुहूर्त लागतो?"

तेव्हा विसाजीपंतांनी सर्व सांगितले, आणि म्हणाले, "मी गप्प राहिलो तर त्या भल्या माणसाचे तीस वर्षांचे काम पाण्यात जाते."

"तर लिहा की, आमचं चुकलं."

"चुकले हे तरी कशावरून लिहू? पंचांग बरोबरही असेल. मी कोठे पाहिले आहे?"

सगुणाबाईंनी हातातले सूप खाली ठेविले आणि म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षं सूर्याची चाकरी केली, आणि ऐन ग्रहणात धन्याचं तोंड पाहिलं नाही? धन्य तुमची! यंदा पाहा. त्याला काय होतंय?"

परंतु विसाजीपंतांस बहुत होत होते. घरात येरझारा घालाव्या, पोथी काढावी, परत बांधावी, आणि मनात म्हणावे की, शंभर वर्षांचे वडीलधारे एकीकडे आणि माझे दोन मोतीबिंदूचे डोळे एकीकडे, मी कोण? आणि चूक निघाली तर दरबारचे काय, आणि न निघाली तर ग्रहणी स्नान टाळिल्याचे पाप कोणाच्या माथी? ऐसे करिता करिता अमावास्या उजाडली, आणि त्यांनी निरोप पाठविला की अंगात थंडी भरली आहे, पाण्यात उतरवत नाही. रामेश्वरभट उपाध्ये, जे स्नानाचा संकल्प सांगत, ते स्वतः दाराशी आले आणि म्हणाले, "जोशीबोवा, वैशाखात थंडी?"

"असते एखाद्यास," विसाजीपंत उंबऱ्याकडे पाहात म्हणाले.

"असू द्या. ग्रहण लागायला जोशी लागत नाही, पण लागलं म्हणायला लागतो. मोक्षानंतर दरबारी या म्हणजे झालं. चार तांबे डोक्यावर ओतून या, ओले दिसलात म्हणजे पुरे."

मग नगर नदीवर गेले आणि गल्ली ओस पडली. विसाजीपंतांनी परसात पळसाचे पान घेतले, काट्याने त्यास बारीक भोक पाडिले, आणि पानातून येणारा सूर्य पांढऱ्या कागदावर पाडून बसले. घंगाळ भरून घटिकापात्र हाताशी ठेविले, म्हणजे ज्या वाटीच्या बुडाच्या भोकातून पाणी चढते आणि घटका भरली की ती बुडते, ती. वाटीवर नजर सगुणाबाईंची. "ग्रहणात बाहेर बसते आहे, कोणी पाहिलं तर नाव ठेवतील," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून तेथेच बसल्या. इतक्यात तोफ सुटली, सगुणाबाईंनी वाटी पाण्यात सोडिली, आणि नदीकडून मोठा गजर उठला, आणि कागदावर सूर्य वाटोळाच्या वाटोळा. पानच वाईट म्हणोन विसाजीपंतांनी दुसरे पान घेतले, तरी वाटोळा. कागद उन्हात सुरकुतला असेल म्हणोन पालटला, तरी वाटोळा.

"वाटी बुडाली," सगुणाबाई म्हणाल्या, आणि ती काढून परत सोडिली.

"माझी नजरच गेली असेल."

"माझी नाही ना गेली? मलाही पुरी भाकरी दिसते आहे."

विसाजीपंत कागदाकडे पाहात राहिले. त्यांच्या मनात आले की, विटेवर लिहिणारा तो बाबुलचा माणूसही ऐसाच बसला असेल, हातातली माती वाळून जाईल या धास्तीने, आणि चीनचा तो चाकर छतावर, आणि समरकंदी पायरीवर उभा राहिलेला कोणी, आणि मीरसाहेब तीस वर्षे. आणि यांतील एकासही सूर्य माझ्या वेळेवर येईल ऐसी खात्री नव्हती, म्हणोनच ते पाहात होते. खात्री होती ती एक आम्हांस. ऐसे मनात चालले असता सगुणाबाई ओरडल्या, "चावलं! अहो, इकडच्या अंगाला बघा, चावलं!" आणि खरोखर कागदावरील सूर्याची कड नखाएवढी खाल्ली गेली होती, आणि वाटी दुसऱ्याने अर्धी भरली होती. विसाजीपंतांनी कागदावर खूण केली, आणि उपरण्याने डोळे पुसले, आणि कितीतरी वेळ तोफेकडची दिशा सोडून सूर्याच्या बाजूसच तोंड करून बसले.

मोक्षानंतर दरबार भरला. सर्व ओलेते, एक विसाजीपंत कोरडे, म्हणोन सर्वांच्या नजरा त्यांजवर. महाराज केस पुसवीत बसले होते, ते म्हणाले, "बोला जोशीबोवा, पाहिलेत?"

"पाहिले," विसाजीपंत म्हणाले, आणि त्यांस नवल वाटले की हा शब्द तोंडातून निघताना जड लागला. रामेश्वरभट पुढचे वाक्य स्वतःच पुरे करू लागले, "तोफेबरोबर..."

"तोफेबरोबर नव्हे. तोफ सुटून दीड घटकेने लागले."

मग महाराजांनी विचारिले, "म्हणजे आमचे स्नान फुकट?"

"महाराजांचे स्नान पोहोचले," विसाजीपंत हात जोडून म्हणाले, "ग्रहण मागून आले."

महाराजांस हसू फुटले, परंतु रामेश्वरभट संतापून म्हणाले, "आणि हे तुम्ही त्या परमुलखातल्या मीरास कळवणार? शंभर वर्षांची अब्रू एका पळसाच्या पानावर टांगणार?"

विसाजीपंत उपरणे सावरून म्हणाले, "भटजी, आपली अब्रू राखण्यासाठी तो स्वतःचे खरे वेध धुवून टाकतो आहे. नंतर त्याचे पुस्तक चुकेल, ते पुढल्या देशी जाईल, आणि तेथील लोक स्वतःच्या डोळ्यांस खोटे म्हणतील. माझी मानाची वस्त्रे हवी तर उतरून घ्यावी. पत्र मात्र जाऊ द्यावे."

महाराजांनी आज्ञा केली की, तोफ पंचांगाच्याच वेळेस सुटेल, लोकांचा घोटाळा नको. उजवीकडचा मान इतःपर रामेश्वरभटांचा. आणि जोशीबोवांस नदी माफ, त्यांनी घरी बसून पाहावे आणि काय लिहिणे ते लिहावे.

मान गेला याचे दुःख विसाजीपंतांस जाहले नाही ऐसे नव्हे. परंतु घरी येऊन त्यांनी एकटाकी लिहिले की, "आमच्यापाशी यंत्र नाही. पाठविलेली टिपणे आकाशाची नव्हेत, पंचांगाची आहेत. आम्ही ते समयी पाण्यात डोळे मिटून होतो. यंदा प्रथम पाहिले, दीड घटकेने मागून लागले, माझ्या वाटीत आणि डोळ्यांत थोडी चूक धरावी. आपले वेध धुवू नयेत. धुतले असल्यास अपराधी मी आहे, आणि उरले डोळे आपल्या कामी लावीन."

सारांश, विटेपासून पळसाच्या पानापर्यंत बहुत देशी बहुतांनी आकाश पाहिले, त्यात या राज्याने एक ग्रहण पाहिले, इतकेच. हैबती जासूद तिसरे प्रहरी निघाला. विसाजीपंत त्याजबरोबर वेशीपर्यंत चालत गेले, आणि म्हणाले, "बाबा, चांद लोटायच्या आत पोहोच." हैबती म्हणाला, "दोन वरीस ठेवलंसा, आन् घाई माझ्या पायाला व्हय!" आणि पत्र मुंडाशात खोवून चालू लागला.