नेल्डाच्या नवऱ्याचा बार

ठासणीच्या बंदुकीत बार कसा भरावा, हे आमच्या सगळ्या डोंगरात एकाच माणसाला नीट कळतं, आणि तो माणूस म्हणजे मी! हसू नका. म्हणजे हसा, पण गोष्ट संपल्यावर हसा. सगळं हसू आत्ताच खर्च केलंत तर पुढे पंचाईत होईल.

आमच्या केंटकीच्या या खोऱ्यात माणसाची किंमत त्याच्या गाडीवरून ठरत नाही. पानगळीच्या दिवसांत चर्चच्या अंगणात रश्श्याचा भलामोठा लोखंडी हंडा चढतो. तो ढवळायचा लाकडी डाव कुणाच्या हातात आहे, त्यावर ती ठरते. हा डाव कैक वर्षं माझ्या सासऱ्यांच्या हातात होता. त्यांचं नाव हॉबर्ट, पण सगळं खोरं त्यांना पॅप म्हणतं. यंदा पॅपचा खांदा धरला आणि चर्चच्या पायरीवर बसून त्यांनी जाहीर केलं, "आता डाव दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. आमचा डेन्झिल आहे. नाहीतर तो... आपला... नेल्डाचा नवरा."

नेल्डाचा नवरा म्हणजे मी! मला आर्लिस असं चांगलं आईबापांनी ठेवलेलं नाव आहे. पण लग्न करून खालच्या शहरातून वर आलो, तेव्हापासून ते कुणी वापरलेलंच नाही. पॅपची गाय चिखलातून ओढून काढली, चर्चचं छप्पर दुरुस्त केलं, पण सगळीकडे आपलं 'नेल्डाचा नवरा'. पॅपच्या कुत्र्यालासुद्धा नावाने हाक मारतात हो! मला तो डाव हवा होता. अगदी मनापासून हवा होता. डाव हाती आला की माणूस या खोऱ्याचा होतो.

डाव मिळवायची रीत सोपी आहे. हंड्यात पहिली खार ज्याची पडेल, डाव त्याचा. मात्र खार मारायची ठासणीच्या बंदुकीने, आणि एका माणसाला बार एकच. चुकला की घरी! रश्श्यात कोंबडी असते, मका असतो, बटाटे असतात, सगळ्यांनी आपापला खारीचा वाटा उचललेला असतो. पण खरोखरीचा खारीचा वाटा एकाचाच!

आता सगळा खेळ त्या एका बाराचा. पॅपचं म्हणणं असं, "जेवढं माप दारू, तेवढंच माप छर्रे. मध्ये पोळ्याचा बोळा. संपलं. यात डोकं लावायचं नाही."

पोळं म्हणजे गांधीलमाश्यांचं. त्याचा कागद लवकर पेटत नाही, म्हणून आमच्याकडे बोळ्याला तोच वापरतात.

डोकं लावायचं नाही म्हटल्यावर मी लगेच लावलं. गोठ्याच्या भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली आणि बार काढत सुटलो. दारू जास्त घातली की छर्रे चौफेर उधळायचे आणि मधोमध हे एवढं भोक! त्या भोकात खारीने चूल मांडून संसार थाटावा! दारू कमी घातली की छर्रे कागदावर टकटक करून खाली पडायचे, पाहुण्याने दार वाजवावं तसे. शेवटी मला युक्ती सुचली. दारू आणि छर्रे यांच्यामध्ये मक्याच्या पिठाची मऊ गादी! बार काढला, आणि काय सांगू, छर्रे कागदभर एकसारखे! रांगोळीच जणू!

"नेल्डा, जमलं!" मी ओरडत घरात शिरलो.

नेल्डा रिकामा डबा हातात घेऊन उभी होती. "माझं मक्याचं पीठ कुठंय?"

"विज्ञानाला वाहिलं."

"शनिवारी चर्चच्या रश्श्याबरोबर पाव कशाचे करू? विज्ञानाचे?"

"अगं, मी खार आणणार! डाव आपल्या घरी येणार! पावाचं काय घेऊन बसलीस?"

"खार येईल तेव्हा येईल. गेलेलं पीठ मात्र गेलंच," ती म्हणाली. बायकांना दूरदृष्टी नसते, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गोठ्यात उरलेलं पीठ मी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत मापून भरलं. तशाच बाटल्यांत दारू आणि तशाच बाटल्यांत छर्रे. जंगलात मोजत बसायला नको! मग ओढ्याकाठचं पोळं उतरवायला निघालो, तर वाटेत पॅप भेटले.

"जावईबापू, पाणी गोठेपर्यंत थंडी पडू दे. त्याआधी पोळ्याला हात लावू नये. आत कुणी ना कुणी झोपलेलं असतं."

"पॅप, काल दव गोठलं होतं की! सगळ्या मेल्या असतील."

"त्यांना विचारलंस का?"

मी हसलो. पोळ्याला कान लावला. आत चिडीचूप! चांगला मोठा तुकडा तोडला आणि कोटाच्या वरच्या खिशात, गळपट्ट्याशी, नीट ठेवून दिला.

शनिवारी सकाळी आम्ही अक्रोडाच्या जातीच्या हिकरीच्या झाडांत गेलो. पॅप पंच म्हणून ओंडक्यावर बसले. आधी माझ्या मेव्हण्याचा, डेन्झिलचा नंबर. डेन्झिलला कुठलीही गोष्ट बेताने करणं माहीत नाही. त्याने नळीत दारू ओतली ती जनावराला पेंड घालावी तशी. धडाम! डेन्झिल पालापाचोळ्यात उताणा, आणि खार फांदीवर बसून अक्रोड खातेय. तीच ती, भोकात संसार मांडलेली!

"दाजी, आता तुम्हीच," डेन्झिल आडवा असतानाच म्हणाला.

माझी छाती फुगली. डाव आता माझाच होता, फक्त बार भरायचा होता. मी एका बुंध्याला टेकून बसलो. पहिल्या बाटलीतली दारू ओतली. पोळ्याचा बोळा गजाने ठासला. दुसऱ्या बाटलीतलं पीठ ओतलं. पुन्हा बोळा. आता फक्त छर्रे...

एवढ्यात गळ्याशी गुदगुल्या झाल्या.

कोट जाड, ऊन चढलेलं, त्यात माझ्या छातीची ऊब. खिशातली मंडळी जागी झाली होती! एक गांधीलमाशी मानेवरून वर आली आणि तिने माझ्या उजव्या कानाच्या पाळीवर असा काही डंख मारला की मी बसल्या जागेवरून उभा राहिलो, उभ्या जागेवरून उडालो आणि खाली आलो तो नाचतच!

"जावईबापू, खार वर आहे," पॅप शांतपणे म्हणाले. "तू खाली कुणाला घाबरवतोयस?"

"पॅप! माशी! कोटात!"

"मग विचारलंस का तिला, मेलीस का म्हणून?"

मी खिसा उलटा केला, पोळं दूर भिरकावलं. कान तोवर वडापावातल्या वड्याएवढा झाला होता. वडापाव हे आमच्याकडचं खाणं नव्हे, पण तुम्हाला त्याशिवाय अंदाज यायचा नाही. त्या कानात नुसतं घूं घूं. घाईघाईने मी पुढची बाटली नळीत ओतली, आधीच तोडून ठेवलेला बोळा ठासला, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी बसवली. छर्रे बाटलीत खुळखुळतात, पीठ खुळखुळत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ते ऐकायला कान जागेवर लागतो ना!

खार आमचा तमाशा बघायला खालच्या फांदीवर आली होती. इतकी जवळ की तिच्या मिशा दिसत होत्या. मी चाप ओढला.

धडाम! पांढरा धूर! आणि धुरातून खार टपकन पॅपच्या पायाशी पडली.

"पडली!" मी किंचाळलो. "पॅप, पडली!"

पॅप वाकून बघत राहिले. "पिवळी दिसतेय."

"ऊन पडलंय तिच्यावर!" म्हणत मी ती उचलून कोटाच्या मागच्या शिकारीच्या खिशात टाकलीसुद्धा. डेन्झिलने माझा हात हातात घेऊन दाबला. "मानलं दाजी!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं कानामुळे, पण बाकीचं खरं.

चर्चच्या अंगणात हंडा उकळत होता. बायका मका सोलत होत्या, पाद्रीबाबा मुरंब्याच्या बरण्या मांडत होते. मी सगळ्यांना गोळा केलं. पॅप डाव घेऊन हंड्यापाशी उभे राहिले. मी दोन शब्दसुद्धा बोललो. विज्ञान, परंपरा, सासुरवाड वगैरे. मग मोठ्या रुबाबात मागे हात घातला आणि खार शेपटीला धरून वर काढली.

खारीने डोळे उघडले.

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हंड्याकडे पाहिलं, आणि तिला एकंदर बेत कळला असावा. कारण पुढच्या क्षणी ती माझ्या बाहीवरून डोक्यावर, डोक्यावरून टेबलावर! मुरंब्याच्या बरण्या धडाधड खाली! पाद्रीबाबा "दया कर!" म्हणून ओरडले, तोवर ती त्यांच्या विजारीवरून टोपीवर पोचली होती! जिथे जाईल तिथे पिवळी पावलं उमटत होती. टोपीवरून तिने एक झेप घेतली ती थेट अंगणातल्या हिकरीच्या शेंड्यावर. तिथे बसून तिने अंग झटकलं. आमच्या सगळ्यांवर मक्याचं पीठ भुरभुरलं.

नेल्डाने टेबलावरचं पीठ बोटावर घेऊन चाखलं.

"माझंच आहे," ती म्हणाली.

मी कोटाच्या खिशात हात घातला. बाटली खुळखुळली. सगळेच्या सगळे छर्रे आत! घाबरून, भोवळ येऊन पडली होती बिचारी! माझं तोंड एवढंसं झालं. डाव गेला, खार गेली, पीठ गेलं, आता जन्मभर मी नेल्डाचाच नवरा!

आणि पॅप हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग तो माणूस हंड्याला धरून गदागदा हसला. "आजवर या हंड्यात शंभर जणांनी खार आणली," ते कसेबसे म्हणाले, "पण तळायला पीठ लावून आणली आणि जिवंत परत पाठवली, असा हा एकटाच! आई गं, खांदा गेला माझा! आर्लिस, अरे आर्लिस, हा डाव धर जरा!"

आर्लिस! तुम्ही ऐकलंत ना? सगळ्या खोऱ्याने ऐकलं!

मी डाव धरला. पॅपनी तो परत मागितलाच नाही. यंदाच्या रश्श्यात खार नव्हती आणि त्याच्यासोबत पावही नव्हते, तरी मी संध्याकाळपर्यंत ढवळत राहिलो.

तेव्हापासून मला या डोंगरात सगळे नावाने ओळखतात. पीठवाला आर्लिस म्हणतात, पण आर्लिस म्हणतात! आणि हसणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. त्या खारीला नाकापासून शेपटीपर्यंत नीट बघितलंत का? कुठे एक तरी जागा पिठावाचून राहिली होती? बार अगदी एकसारखा बसला होता हो!