उपाशीपोटी दिलेला शब्द

मुलुंडच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये दत्ताराम परब सकाळपासून उपाशी बसले होते. पोट रिकामं हवं, पण पाणी पिऊन लघवी मात्र तुंबवलेली हवी, अशी दुहेरी शिक्षा होती. त्यातच मशीन बंद पडलं. दुरुस्त करणारा माणूस वाकोल्याहून निघाला होता. तो नुसता निघतच होता.

दत्ताराम आधी चिडले. पंख्यावर, रिसेप्शनवरच्या मुलीवर, शेजारी चकली खाणाऱ्या बाईंवर. मग राग ओसरला आणि भीतीने जागा घेतली. हात थरथरू लागले.

“प्रेमा, मशीन बिघडलेलं नाय. माझा रिपोर्ट वाईट आहे, म्हणून हे लोक टाळतायत.”

“अहो, अजून तपासलंच नाही तुम्हाला. रिपोर्ट येईल कुठून?” बायको म्हणाली.

“चेहरा बघून कळतं त्यांना. मी काय आता रवत नाय, गेलोच समज.”

घाबरले की त्यांची मालवणी वर यायची. आता त्यांना स्वतःचा हार घातलेला फोटो दिसू लागला. फोटोपुढे कोण कोण उभं राहील ते ते मोजू लागले आणि धाकट्या भावापाशी अडले. बोरिवलीचा हरेश्वर. घरचा गणपती एक वर्ष माझ्याकडे बसवूया, एवढंच म्हणाला होता बिचारा. “मी जिवंत असेपर्यंत नाही,” असं दत्तारामांनी ठणकावलं आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं.

“हरूला फोन लाव,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

प्रेमाताईंनी लावून दिला.

“हरू, चुकलो रे मी! यंदापासून गणपती तुझ्याकडे. कायमचा. माझा काही भरवसा नाय.” आणि भर सेंटरमध्ये दत्ताराम हुंदके देऊन रडले. चकलीवाल्या बाईंनीही पदर डोळ्याला लावला.

शेवटी मशीन सुरू झालं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “काका, सगळं नॉर्मल आहे. गॅस आहे फक्त.”

“मग मला मरणाची धडधड का होत होती?”

“भूक! पोट रिकामं राहिलं की घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं. ते मेंदूला सांगतं, खायला घाल. बराच वेळ काही मिळालं नाही की शरीराला वाटतं संकट आलं, मग तणावाची हार्मोनंही वाढतात. काहींना चिडचिड होते, काहींचा जीव घाबरा होतो. आता आधी काहीतरी खा.”

कोपऱ्यावरच्या उडप्याकडे पहिल्या इडलीला दत्तारामांचे हात स्थिर झाले. दुसऱ्या इडलीला जग बरं वाटू लागलं. तिसरी तोंडात घालता घालता ती तशीच राहिली.

“प्रेमा! मी गणपती देऊन टाकला?”

“कायमचा,” प्रेमाताई चटणी वाढून घेत म्हणाल्या.

“वाट लागली! तो मी नव्हतोच गं, ते हार्मोन बोलत होतं!” त्यांनी घाईघाईने फोन लावला. “हरू, ऐक, मघाशी मी जे बोललो ना—”

“दादा, बोलू नको काही. तू रडलास ना, मी पण ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो रे. सगळ्या नातेवाईकांना कळवून टाकलंय. आत्या म्हणाली, दत्तूचं मन समुद्रासारखं आहे.”

“इडली खातोय,” एवढंच म्हणून दत्तारामांनी फोन ठेवला. आपल्या घरातलं मखर, आपल्या आवाजातली आरती, दारातली चपलांची रास, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून बोरिवलीला निघालं. पोट भरलेलं असूनही त्यांना पुन्हा मेल्यासारखं वाटू लागलं.

“माझं सोड, मी उपाशी होतो,” ते कळवळून म्हणाले. “पण तू तर घरून पोहे खाऊन निघालीस ना? तुझं डोकं ठिकाणावर होतं. मला थांबवलं का नाहीस?”

प्रेमाताईंना लग्न झाल्यापासूनचे गणपती आठवले. दरवर्षी दीडशे मोदक, आणि ते वळणारे हात एकच जोडी.

“ठिकाणावर होतं म्हणूनच नाही थांबवलं,” त्या म्हणाल्या आणि वेटरला त्यांनी अजून एक मेदूवडा सांगितला.