जन्मापासून पालथा

एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्याकाठी कमठाबाई नावाची एक कासवीण राहत होती. आता बाळांनो, कासविणी वाळूत अंडी पुरतात आणि निघून जातात, मागे वळून बघत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कमठाबाईही निघाल्या होत्या. पण त्यांना निघायलाच इतका वेळ लागला, की तेवढ्यात अंडं फुटलं आणि पोरगं बाहेर आलं. मग त्या थांबल्या. पोराचं नाव टणू ठेवलं.

टणू गुणी होता. तो शेवाळ खायचा, ऊन खायचा, आणि खाऊन झालं की झोपायचा. कमठाबाई आणि त्यांचे यजमान धोंडोपंत त्याच्याकडे बघत बसायचे. सगळं छान चाललं होतं.

बिघडलं ते पाणवठ्यावर.

संध्याकाळी तिथे जंगलातल्या आया जमत. वरच्या फांदीवर कोकिळाबाई बसत. कोकिळाबाई म्हणजे जंगलातल्या नावाजलेल्या बालसंगोपनतज्ज्ञ. त्यांची स्वतःची पोरं कावळिणीच्या घरट्यात असत, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत यावर विचार करायला त्यांना भरपूर सवड मिळे.

“काय हो कमठाबाई,” एके दिवशी त्यांनी विचारलं, “टणूने मान धरली का?”

“धरली होती,” कमठाबाई म्हणाल्या. “पण परत आत घेतली.”

आयांनी एकमेकींकडे पाहिलं.

तेवढ्यात माकडीण आवळे वाटत आली. “घ्या, घ्या! आमचा बाळ्या आज पालथा पडला!”

सगळ्यांनी बाळ्याच्या अंगावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. कमठाबाईंनीही मोडली. मग आवळा चघळत त्या सहज म्हणाल्या, “आमचा टणू तर जन्मापासून पालथाच आहे.”

कोकिळाबाईंनी घसा साफ केला.

“पालथं असणं वेगळं आणि पालथं पडणं वेगळं. मूल आधी उताणं हवं. मग त्याने आपणहून वळायला हवं. तुमचा टणू वळलेलाच नाही.”

“पण आमच्यात कुणीच वळत नाही.”

“म्हणजे घराण्यातच आहे,” माकडीण अगदी हळू म्हणाली. इतकी हळू, की पलीकडच्या काठावरच्या बगळ्यानेही मान वर करून पाहिलं.

कमठाबाई घरी आल्या.

“अहो, तुम्ही लहानपणी कधी पालथे पडला होतात?”

धोंडोपंतांनी बराच वेळ आठवून पाहिलं. “नाही बुवा.”

“तरीच!” कमठाबाई म्हणाल्या, आणि तरीच काय ते धोंडोपंतांनी विचारलं नाही. त्यांचा संसार सुखाचा होता तो त्यामुळेच.

सकाळी कमठाबाईंनी मनाशी ठरवलं. तळ्याच्या वरच्या उतारावर त्यांनी मऊ गवत पाहिलं, टणूच्या कुशीखाली डोकं घातलं आणि त्याला उताणा केला.

टणू आभाळाकडे बघू लागला. त्याने आजवर आभाळ पाहिलंच नव्हतं. त्याला ते अजिबात आवडलं नाही. त्याने चारही पाय झाडायला सुरुवात केली.

बातमी पसरली. आया पोरांना घेऊन बघायला आल्या. कोकिळाबाई जवळच्या फांदीवर येऊन बसल्या.

“पाय हलवतोय! उत्तम लक्षण!” त्या म्हणाल्या.

टणू पाय हलवत राहिला. पाठ गोल असल्यामुळे तो जागच्या जागी गरगर फिरला, पण वळला काही नाही. ऊन चढलं. त्याचं पांढरं पोट तापू लागलं. पाय हळूहळू मंद झाले.

“सरळ करू का हो त्याला?” कमठाबाईंनी विचारलं.

“छे, छे! हात लावायचा नाही,” कोकिळाबाई म्हणाल्या. “मदत केलेलं धरत नाहीत.”

“कोण धरत नाहीत?”

याचं उत्तर कोकिळाबाईंनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्या नुसत्या गंभीर झाल्या.

आणि मग टणूने तोंड उघडलं. “आई!” तो ओरडला.

“बोलला! पहिला शब्द बोलला!” कोकिळाबाई आनंदाने ओरडल्या. “टाळ्या!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माकडीण तर चारही हातांनी वाजवत होती. टणू पुन्हा “आई!” म्हणाला, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

कमठाबाईंना आता राहवेना. “मरो तुमचं ते धरणं!” असं म्हणून त्या धावल्या. कासवीण धावली म्हणजे काय होतं ते जंगलाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उतारावर त्यांचा पाय घसरला, त्यांनी एक कोलांटी घेतली आणि टणूशेजारी उताण्या झाल्या.

“अगं, अगं!” म्हणत धोंडोपंत मदतीला आले. तेही उताणे झाले.

आता तिघंही रांगेत पडून बारा पाय झाडत होती.

“बघा!” कोकिळाबाईंचे डोळे भरून आले. “अख्खं कुटुंब मुलाबरोबर सराव करतंय. याला म्हणतात जागरूक पालक!”

तेवढ्यात एक हत्तीण आपल्या लेकराला पाण्यावर घेऊन आली. त्या लेकराला आपल्याला सोंड आहे हे अजून नीटसं कळलेलं नव्हतं. ते सोंडेवरच पाय देत चालायचं. उतारावर त्याने तसा पाय दिला, तोंडावर आपटलं, गडगडलं आणि तिन्ही कासवांना घेऊन थेट तळ्यात पडलं. धपाक!

पाण्यात पडताच टणू सुलटा झाला. त्याने अंग झटकलं आणि सपासप पोहत तळ्याच्या मधोमध जाऊन एक गिरकी मारली.

“पालथा पडला!” काठावर कोकिळाबाई ओरडल्या. “माझ्या पद्धतीने पडला!”

“पोहतोय बघा माझा टणू!” कमठाबाई पाण्यातून ओरडल्या.

“ते असू द्या,” कोकिळाबाई म्हणाल्या. “पोहणं पहिल्या वर्षाच्या यादीत येत नाही.”

दुसऱ्या दिवशी कमठाबाई पाणवठ्यावर गेल्या, त्या ताठ मानेने. पण बसतात न बसतात तोच माकडिणीने विचारलं, “रांगतो का हो टणू?”

“रांगतो की! जन्मापासून रांगतो.”

“अगंबाई! अजून रांगतोच?” माकडिणीने गालावर हात ठेवला. “मग उभा कधी राहणार?”

सगळ्यांच्या माना कमठाबाईंकडे वळल्या. फांदीही जरा खाली वाकली. कमठाबाईंना कालचं ऊन आठवलं. टणूची ती हाक आठवली. त्यांनी शांतपणे एक शेवाळाचा तुकडा तोंडात टाकला.

“राहिला की,” त्या म्हणाल्या. “काल पहाटे. चार पावलं टाकली, सगळ्यांना नमस्कार केला आणि झोपला. तुम्ही कुणी तिथे नव्हतात.”

आयांनी पुन्हा एकमेकींकडे पाहिलं. मग माकडीण गडबडीने म्हणाली, “आमचा बाळ्यासुद्धा! पहाटेच! मी म्हटलं, कशाला उगाच सांगा.” हत्तीण म्हणाली, तिच्या लेकराने सोंडेने तिची वेणी घातली. कोकिळाबाईंनी जाहीर केलं की पहाटेची प्रगतीच खरी, आणि आपण हे पूर्वीपासून सांगत होतो.

तेव्हापासून त्या जंगलातली सगळी पोरं पहाटे भराभर वाढतात आणि दिवसभर निवांत खेळतात. टणू तर त्या वर्षी, कुणी विचारायच्या आतच, आईच्या सांगण्यात गाऊही लागला होता. त्याला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. तो शेवाळ खायचा, ऊन खायचा आणि झोपायचा.

तात्पर्य : प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढतं. त्याला तसं वाढू द्यायचं असेल, तर आईने खोटं बोलण्यात मागे पडू नये.