युद्धविरामाच्या अर्जाला सातबारा

आमचे शेजारी सदाभाऊ दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे अर्ज पाठवतात आणि प्रत्येक अर्जाला स्वतःच्या शेताचा सातबारा जोडतात. "नायतर त्यांना कळणार कसं, लिहिणारा खरा माणूस हाय म्हणून?" असं ते मला विचारतात. मी आयुष्यभर पेणच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण सातबाऱ्याचं इंग्रजी मी अजून शोधते आहे.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत आलात तेव्हा ते भेटले नाहीत, म्हणून लिहिते. सदाभाऊ इथे जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतात. हात अगदी स्थिर. जीभ मात्र क्षणभरही स्थिर नसते. टीव्हीवर दूरच्या लढाईतली, रिकामी भांडी घेऊन रांगेत उभी मुलं त्यांनी पाहिली, तेव्हापासून दर सोमवारी अर्ज ठरलेला. विषय : लढाई थांबविण्यासाठी आपल्या सरकारने जोर लावणेबाबत. त्याचं इंग्रजी मी करायचं.

एकदा मी म्हटलं, "अहो, ते प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे."

"बाई, बांधावर कोयते निघाले तर शेजारी काय करतो? आधी दोघांचे हात धरतो. बांध कुणाचा ते मोजणीवाला बघंल मागनं. आपलं सरकार दोघांच्या वळखीचं हाय ना? मग?"

मी तेच इंग्रजीत लिहिलं.

उत्तर येईना. एकट्याच्या सहीला वजन नाही, ग्रामसभेचा ठराव पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या बायकोचं, चंद्रावहिनींचं, म्हणणं वेगळं होतं. "दिल्लीला लिवता, आन् दारात नळ नाय! हंडे आणून गुडघे गेले माझे." तेव्हा सदाभाऊंनी नळाचाही अर्ज लिहिला आणि दोन्ही कागद घेऊन सभेला गेले. मीही गेले.

गणपती तोंडावर आलेले. सरपंचताईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "सगळ्यांना कारखान्यात पळायचंय. एका घरचा एकच अर्ज."

सदाभाऊ दोन हातांत दोन कागद घेऊन उभे राहिले.

"भाऊ, दिल्लीचा काढा! तेवढीच करमणूक," मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

सदाभाऊ बायकांच्या बाजूला बघत होते. तिथे वहिनी पाय लांब करून गुडघा चोळत बसल्या होत्या. सदाभाऊंनी दिल्लीचा कागद घडी करून खिशात घातला.

"नळाचा घ्या," ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

वहिनी भिंतीला धरून उठल्या. "ओ, तो खिशातला काढा. त्या पोरांना आज खायाला पायजे. मी अजून चालतेय."

सदाभाऊंनी दिल्लीचा अर्ज वाचला, दोनदा अडखळले. सरपंचताईंनी हात वर करायला सांगितले. वर आलेले बहुतेक हात रंगाने माखलेले होते. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदाभाऊ विहिरीवरून हंडा आणताना दिसले. आमच्या आळीत पुरुष हंडा उचलत नाहीत. त्यांनी तो खांद्यावर घेतला होता आणि निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं होतं.

"काय भाऊ, वहिनीनं लावलं वाटतं कामाला!" समोरच्या ओटीवरून हाक आली.

एरवी त्यांनी अर्धा तास भाषण दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी हंडा दारात ठेवला, रिकामा दुसरा उचलला आणि पुन्हा विहिरीकडे गेले.