तुळसाबाईची उलटी रांग

खुशबू रामटेकेच्या रजिस्टरात अडीच महिन्यांत एकच नाव चढलं होतं, आणि तेही चुकून.

आंधळगावच्या पुढच्या त्या गावात सरकारी दवाखान्याला डॉक्टर एकच. ताप त्यांच्याकडे, विंचू त्यांच्याकडे, कंबर-गुडघेही त्यांच्याकडेच. ते चिठ्ठी लिहीत, मग माणूस खुशबूच्या खोलीत येई आणि ती त्याला व्यायाम शिकवी. ती फिजिओथेरपिस्ट होती. गाव तिला कसरतवाली मॅडम म्हणे. यंदा तिनं वर्षभराचं जादा शिक्षण पुरं केलं आणि वरून हुकूम आला की तीन महिने करून पाहा. हाडा-सांध्याचं दुखणं आधी खुशबूनंच तपासायचं, एक्स-रे काढायचा की नाही हे तिनंच ठरवायचं, आणि गरज वाटली तरच पेशंट डॉक्टरांकडे पाठवायचा. शेवटी भंडाऱ्याहून साहेब येऊन रजिस्टर पाहणार. जमलं तर काम कायम. नाही जमलं तर खुशबू पुन्हा चिठ्ठीची वाट पाहत बसणार.

डॉक्टरांना आनंद झाला. खुशबूनं दारावर पाटी लावली, नवं रजिस्टर आखलं. पण लोक तिच्या दारावरून जात, तिला नमस्कार करत आणि डॉक्टरांच्या रांगेत जाऊन उभे राहत.

"तुमी हुशार आहा जी मॅडम," पानठेलेवाला जागेश्वर म्हणाला, "पण डॉक्टरनं पाह्यल्याबिगर दुखण्यालेच बरं वाटत नाही."

तुळसाबाई आली तीसुद्धा डॉक्टरांची लांब रांग पाहून. तुळसाबाई म्हणजे गावातल्या धानाच्या रोवणीची, म्हणजे भातलावणीची, मुकादम. तिच्या हाताखाली आठ बाया. रोवणी महिन्यावर आली होती आणि तिचा गुडघा, म्हणजे तिच्या भाषेत टोंगळा, सुजून भोपळा झाला होता.

"मले बाजाराले जाचं हाय. तूच पाह्य व पोरी," ती म्हणाली.

खुशबूनं गुडघा दाबला, वाकवला, तिला चार वेळा उठवलं-बसवलं. मग म्हणाली, "मावशी, फोटोची गरज नाही. मांडीतला जोर गेला आहे. रोज अंगणात वीस पावलं मागं चालायचं. ताठ उभं राहून. आणि पाठीमागं कोणीतरी लक्ष द्यायला हवं."

"मांगं चालाचं? बाप्पा! रोवणीत चाळीस वर्षं मांगंच चालून राहिली न मी! मंग टोंगळा कायले गेला?"

"वाकून चाललात ना. आता सरळ चाला."

हे मात्र तुळसाबाईला पटलं. लक्ष ठेवायला तिनं नवरा नेमला. मंगरू तिच्या पाठीकडे, ती जाई त्या दिशेला तोंड करून चाले आणि रस्ता सांगे. पण मंगरूला पाच पावलांवर तंबाखू आठवे. तो थांबे आणि तुळसाबाई त्याच्यावर आदळे.

"काहून थांबले जी?"

"चुना सापडून नाही राहिला."

"मी आडवी झाली म्हणजे सापडंल!"

वीस पावलांत अंगण संपायचं, म्हणून ती रस्त्यावर आली. पंधरा दिवसांत सूज उतरली. ती दवाखान्याच्या पायऱ्या कठडा न धरता चढली आणि खुशबूला वाटलं, आता लोक येतील.

लोक आले, पण तुळसाबाईकडे.

"तुले मॅडमनं काय देल्लं व?" तिच्या हाताखालच्या कौशल्याबाईनं विचारलं.

"देल्लं काई नाही. मांगं चालाले सांगतलं."

"एवढंच? मंग आमी दवाखान्यात कायले जावाव? तूच चालव आमाले."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ बाया रस्त्यावर उभ्या राहिल्या, रोवणीत राहतात तशा खांद्याला खांदा लावून. मंगरू पाठीकडून ओरडे, "डाव्या अंगानं खड्डा! म्हैस! सायकल!" आणि रांग उलटी चाले, वर रोवणीचं गाणंही म्हणे.

खुशबू धावत आली. "मावशी, असं नका करू! प्रत्येकीचा गुडघा वेगळा असतो. आधी तपासून घ्या!"

"टोंगळ्यात काय वेगळं असते व?" तुळसाबाई मागं चालता चालताच म्हणाली. "धान एक, बांधी एक, टोंगळा एक."

इलाज खुशबूचा, नाव तुळसाबाईचं, आणि रजिस्टर कोरं.

साहेब यायचा दिवस उजाडला. सकाळीच कळलं की डॉक्टर भंडाऱ्याला गेले. बैठकीचं पत्र होतं, आणि पत्रावर सही होती रजिस्टर पाहायला येणाऱ्या तितीरमारे साहेबांचीच. डॉक्टरांना तिकडे बोलावून तितीरमारे साहेब स्वतः इकडे निघाले होते. खुशबूनं रजिस्टर टेबलावर ठेवलं, त्यातलं एकच नाव पाहिलं आणि झाकून टाकलं.

गावात शिरताच साहेबांची गाडी थांबली. समोर नऊ बाया रस्ता अडवून गात होत्या. सगळ्यांची तोंडं गाडीकडे, आणि गाडी जितकी पुढे जाई तितक्या त्या मागं सरकत. ड्रायव्हर सचिननं हॉर्नवर हात ठेवला.

"हॉर्न नको!" साहेब गहिवरून म्हणाले. "अरे, आपल्याला पाठ दाखवायची नाही म्हणून ह्या मागं चालताहेत. काय रीत आहे! एवढं स्वागत माझं सासरी झालं नाही."

ते खाली उतरले आणि हात जोडून चालू लागले.

"कोण होय व हा?" कौशल्याबाईनं विचारलं.

"हात जोडून आला म्हंजे मत मागाले आला असंल," तुळसाबाई म्हणाली. "चाल व, जल्दी चाल!"

रांगेनं वेग धरला. साहेबांनीही धरला. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता. ते सांगायचं काम मंगरूचं, पण मंगरू मान वळवून गाडी पाहत होता. रांग वळली नाही. शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून खाली सरळ जागेश्वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली. बांधीत चिखल करून ठेवलेला, रोवणी दुसऱ्या दिवशी. पायाला चिखल लागला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं नऊच्या नऊ बाया एकदम वाकल्या.

धुऱ्यावर उभ्या साहेबांना वाटलं, आपल्याला वाकून नमस्कार होतो आहे. मोठ्या मनाचा माणूस. तेही वाकले. बूट सटकला आणि साहेब बायांच्या मधोमध बांधीत येऊन बसले.

"पाय गेला! पाय मोडला माझा!"

चार बायांनी त्यांना पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढीसारखं उचललं आणि खुशबूच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"डॉक्टरांना बोलवा!" साहेब ओरडले.

"ते भंडाऱ्याला आहेत, सर. तुमच्या बैठकीत."

साहेबांना पत्रावरची आपली सही आठवली. "मग एक्स-रे काढा."

"आधी बघते." खुशबूनं घोट्याची दोन्ही हाडं दाबली, पावलाची कड दाबली. "इथं दुखतं? इथं? आता उतरा आणि चार पावलं चाला."

"मोडक्या पायावर?"

"मोडला असेल तर तुम्ही चालणार नाही."

साहेब लंगडत चार पावलं चालले आणि स्वतःच चकित झाले.

"हाड शाबूत आहे. मुरगळला आहे. बर्फ लावा, पट्टी बांधून देते, रात्री पाय उंच ठेवा. एक्स-रेची गरज नाही."

"फोटो न काढता एवढं खात्रीनं कसं सांगता?"

"फोटो लग्नात काढा जी साहेब," दारातून तुळसाबाई म्हणाली. "माह्यावालाही नाही काढला तिनं. भोपळ्याएवढा टोंगळा होता, आता पाह्य." आणि तिनं चिखलाच्या पायांनी तिथंच उठून-बसून दाखवलं.

पट्टी बांधून झाली. साहेबांचं दुखणं ओसरलं तशी त्यांना साहेबकी आठवली. "रजिस्टर दाखवा."

खुशबूनं खाली मान घालून रजिस्टर उघडलं. साहेबांनी ते एकच नाव दोनदा वाचलं. मग पेन काढून स्वतःच लिहायला सुरुवात केली: नाव, गाव, वय, दुखणं. शेवटचा रकाना होता, 'डॉक्टरांकडे पाठवले का?' साहेबांनी तिथं पेन जरा वेळ धरला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'गरज नाही.' खाली सही केली.

"काय लिवलं जी?" कौशल्याबाईनं विचारलं.

"ह्या मॅडमनी तपासलं, असं."

"साहेबानं नाव लिवलं?" कौशल्याबाई पुढे आली. "मंग माह्यंही लिव व मॅडम. माह्या टोंगळ्याचा चालून चालून जास्तच आवाज येऊन राहिला."

दारात रांग लागली. ही मात्र सुलट होती. आठ टोंगळे तपासले, तर तिघींनाच मागं चालायचा व्यायाम निघाला. दोघींना वेगळा, दोघींना नुसता आराम, आणि कौशल्याबाईला डॉक्टरांकडे चिठ्ठी.

"टोंगळा एक नसते बाप्पा," तुळसाबाई हळूच म्हणाली.

"काम चालू ठेवा," जाताना साहेब खुशबूला म्हणाले. "कागद मी पाठवतो." मग ते दारात थांबले, सगळ्यांना हात जोडले आणि गाडीच्या दिशेनं एकेक पाऊल लंगडत मागं मागं जाऊ लागले. तोंड लोकांकडे, पाठ गाडीकडे.

तुळसाबाईनं खुशबूचा हात ओढला. "मॅडम, त्याचा तं घोटा दुखून राहिला न? त्याले टोंगळ्याचा इलाज कायले सांगतला व?"

"मी नाही सांगितला, मावशी."

"मंग?"

खुशबूला हसू आवरेना. तेवढ्यात साहेबांच्या पाठीकडून मंगरूचा आवाज आला. या वेळी तो अगदी वेळेवर होता.

"साहेब, थांबा! मांगं गाय हाय!"